चीट नदीची केस: एका ओढ्यात मासे परत यायला २४ वर्षं का लागली

आम्ही पिट्सबर्गच्या दक्षिणेकडे राहतो. शहराला पाणी अलेघेनी नदीचं, पण आमच्या बाजूच्या बऱ्याच उपनगरांना मोनोंगाहेलाचं, आणि ही मोनोंगाहेला पेनसिल्व्हेनियात शिरली रे शिरली की पॉइंट मॅरियन नावाच्या गावापाशी तिला वेस्ट व्हर्जिनियातून आलेली चीट नदी मिळते. म्हणजे आमच्या सकाळच्या चहात थोडी का होईना चीट असतेच. नावावरून हसू नका. नदी वरून शांत दिसते आणि माणसं बुडवते म्हणून चीट, असं तिकडचे लोक सांगतात, दुसरे म्हणतात काठावर चीट नावाचं गवत असायचं त्यावरून. तर या नदीची केस मी बरेच दिवस फॉलो करतोय, आणि पाणलोट, लोकसहभाग वगैरे विषय निघाला की आपल्या लोकांना सांगावीशी वाटते, कारण आपल्या डोक्यातलं पाणलोटाचं चित्र इथे बरोब्बर उलटं होतं.

आपल्याकडे पाणलोट म्हटलं की सलग समतल चर, दगडी बांध, शेततळं, माथा ते पायथा, पाणी अडवा पाणी जिरवा. पाऊस कमी, पडला तो वाहून जातो, म्हणून जिरवायचा. चीट जिथे वाहते त्या अ‍ॅपलेशियन डोंगरात पावसाची कमी नाहीये, वर्षभर काही ना काही पडत असतं, बर्फ वेगळा. तिकडे प्रॉब्लेमच हा आहे की पाणी जिरतं. जिरतं ते डोंगराच्या पोटात, जिथे शंभर वर्षं कोळसा काढून पोकळ्या करून ठेवल्यात, आणि तिथून बाहेर येतं ते अ‍ॅसिड होऊन.

केमिस्ट्री थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोळशात आणि आसपासच्या खडकात पायराइट असतं, म्हणजे लोखंड आणि गंधक. जमिनीखाली बंद असेपर्यंत त्याचा कुणाला त्रास नाही. खाणीमुळे त्याला हवा लागली आणि पाणी लागलं की सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं, लोखंड विरघळतं, अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, आणि हे सगळं ओढ्यात येतं. ओढ्यात आल्यावर लोखंड परत घट्ट होऊन दगडांवर बसतं, नारिंगी-पिवळा चिकट थर, खाणवाले लोक त्याला ‘यलो बॉय’ म्हणतात. हा थर म्हणजे फक्त रंग नाही हं, दगडांच्या फटींमध्ये जे किडे-अळ्या राहतात, ज्यांच्यावर मासे जगतात, त्यांचं घरच लिंपून टाकतो. चीटच्या वाटेतल्या प्रेस्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जो अपर फ्रीपोर्ट नावाचा कोळशाचा थर काढला गेला तो या बाबतीत फार वाईट, गंधक भरपूर आणि आजूबाजूला अ‍ॅसिड मारणारा चुनखडक फारसा नाही. (भारतात हे बघायचं असेल तर मेघालयात बघा, तिथल्या कोळशातही गंधक जास्त, जैंतिया हिल्सच्या नद्यांमध्ये हाच प्रकार झालाय. आपल्या चंद्रपूर-वणीच्या कोळशात गंधक कमी असतं, त्यामुळे तिकडचे त्रास वेगळे आहेत, हा तितकासा नाही.)

आता जागा. पार्सन्स गावापाशी शेव्हर्स फोर्क आणि ब्लॅक फोर्क अशा दोन नद्या मिळून चीट होते आणि ७८ मैल उत्तरेकडे वाहते. मधे प्रेस्टन काउंटी लागते, साधारण ३४ हजार वस्ती, मुख्य गाव किंगवुड, जिथे दर सप्टेंबरात बकव्हीटच्या धिरड्यांचा उत्सव भरतो. (बकव्हीट म्हणजे उत्तरेत उपासाला खातात ते कुट्टू.) याच काउंटीतलं आर्थरडेल म्हणजे १९३३ साली मंदीत होरपळलेल्या खाण कामगारांसाठी सरकारनं वसवलेली पहिली वसाहत, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट स्वतः त्यात लक्ष घालत होत्या. सांगायचं कारण, कोळसा बसला की माणसं उघड्यावर पडतात हे या भागाला तेव्हापासून माहितीये. किंगवुडच्या थोडं खाली अल्ब्राइट, दोन-अडीचशे माणसांचं गाव, आणि अल्ब्राइटच्या खाली नदी चीट कॅन्यनमध्ये, म्हणजे खोल घळीत, शिरते.

हा कॅन्यन म्हणजे राफ्टिंगवाल्यांची पंढरी होती. वरच्या बाजूला कुठलंही मोठं धरण नाही त्यामुळे वसंतात बर्फ वितळला की नदी नुसती उसळते. सुरुवातीच्याच एका रॅपिडचं (म्हणजे खळाळत्या उताराचं) नाव ‘डिसिजन’, म्हणजे इथे तुमची तारांबळ उडाली तर गपगुमान बाहेर पडा आणि चालत परत जा, पुढे ‘बिग नॅस्टी’ आणि ‘कोलिझियम’ तुमची वाट बघतायत. १९८५ च्या नोव्हेंबरात महापूर आला, राज्यात ४७ माणसं गेली, पार्सन्स, रोल्सबर्ग, अल्ब्राइट सगळी गावं धुऊन निघाली. राफ्टिंगचा धंदा त्यातून सावरत होता आणि मग हे झालं.

१९९४

मडी क्रीक नावाचा एक ओढा अल्ब्राइटच्या खाली आणि कॅन्यनच्या तोंडाच्या थोडा वर चीटला मिळतो. नाव मडी असलं तरी वरच्या भागात हा ओढा स्वच्छ आहे, ट्राउट मासे असतात. खाली मार्टिन क्रीक त्याला मिळते, आणि मार्टिनमध्ये फिकी रन आणि ग्लेड रन या खाणींचं पाणी आणणाऱ्या ओहोळ्या येतात, तिथून पुढचे शेवटचे साडेतीन मैल ओढा मेलेला. आणि याच ओढ्याच्या काठावर टी अँड टी नावाची भूमिगत खाण.

खाण बंद झाली आणि तिचं तोंड बेकायदेशीरपणे सील केलं गेलं. आता विचार करा, डोंगराच्या आत मैलभर पोकळ्या, वरून पाणी झिरपतंय, बाहेर जायला वाट नाही. टाकी भरत जाते तसं ते भरत गेलं आणि १९९४ च्या वसंतात डोंगराची कूस फोडून बाहेर आलं. मडी क्रीकमधून चीटमध्ये. नदीचा पीएच, म्हणजे पाणी किती अ‍ॅसिड आहे त्याचं माप, ४ वर आला (आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त). चांगल्या नदीचा ७ च्या आसपास असतो, आणि हे स्केल एकेक पायरीला दहापट वाढणारं आहे त्यामुळे ७ चा ४ म्हणजे अ‍ॅसिड हजारपट. १६ मैल खाली चीट लेकमध्ये मासे मेले. राफ्टिंग करणाऱ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, कॅन्यनचे दगड नारिंगी. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, दुसऱ्यांदा फुटलं, आणि त्या वर्षी अमेरिकन रिव्हर्स या संस्थेनं देशातल्या सगळ्यात धोक्यातल्या दहा नद्यांत चीटचं नाव टाकलं. टुरिस्टवाल्या धंद्यासाठी यापेक्षा वाईट जाहिरात काय असणार.

मग लोक जमले, आणि इथेच केस इंटरेस्टिंग होते

१९९४ मध्येच ‘फ्रेंड्स ऑफ द चीट’ ही संस्था निघाली. राफ्टिंगवाले, नदीवर प्रेम करणारी मंडळी, काठावर राहणारे. साहजिक वाटेल की आता मोर्चा, घोषणा, कंपन्यांच्या नावानं शिमगा. तसं केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण प्रेस्टन काउंटीत अर्ध्या घरांचा बाप किंवा आजा खाणीत होता, आणि ज्या ओढ्यावर काम करायचं त्याची जमीन कुणाची तरी खासगी, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन ‘बाबा रे तुझ्या रानात चुनखडीचा खड्डा करू दे’ म्हणायचं त्याच्याच धंद्याला आदल्या दिवशी शिव्या घालून कसं चालेल. त्यांनी १९९५ मध्ये ‘रिव्हर ऑफ प्रॉमिस’ नावाचा एक करार केला. कायद्यानं बांधणारा नाही, नुसता शब्द. त्यावर राज्याच्या खात्यांच्या, केंद्राच्या खात्यांच्या आणि कोळसा उद्योगाच्या पण सह्या. ठराविक दिवसांनी एका टेबलावर बसायचं, कुठल्या ओढ्यातून किती अ‍ॅसिड येतंय ते आकडे समोर ठेवायचे, आणि कोण काय करणार ते तिथेच बोलायचं.

मला आधी हे जरा मिळमिळीत वाटलं होतं, खरं सांगतो. ज्यांनी घाण केली त्यांनाच टेबलावर बसवून चहा पाजायचा? पण मग लक्षात आलं की बहुतेक खाणी इतक्या जुन्या आहेत की भांडायला समोर कुणी शिल्लकच नाही. अमेरिकेत १९७७ साली खाण जमिनी पूर्ववत करायचा कायदा आला. त्याआधी सोडलेल्या खाणी म्हणजे बेवारस, त्यांच्यासाठी चालू खाणींकडून टनामागे फी घेऊन फंड. त्यानंतरच्या खाणींना आधी अनामत ठेवावी लागते, कंपनी बुडाली की अनामत जप्त करून राज्य ती जागा ताब्यात घेतं, आणि ही अनामत पाणी साफ करायच्या खर्चाच्या मानानं चिल्लर निघते. टी अँड टी या दुसऱ्या प्रकारातली. म्हणजे शेवटी गळ्यात कुणाच्या, तर राज्याच्या, आणि राज्याला हलवायचं तर रोज उठून शिव्या देण्यापेक्षा रोज उठून आकडे दाखवणं जास्त लागू पडलं.

पैशासाठी म्हणाल तर त्यांनी जत्रा भरवली. मे १९९५ पासून ‘चीट फेस्ट’, मे महिन्याच्या पहिल्या वीकेंडला अल्ब्राइटमध्ये नदीकाठच्या मैदानात, बँड, खाणंपिणं, तंबू, आणि शुक्रवारी कॅन्यनमधून सगळ्यांनी एकदम बोटी सोडायची शर्यत, म्हणजे गोंधळ नुसता. यातून संस्थेला पैसा मिळतो हे आहेच, पण मला वाटतं मोठा फायदा वेगळा आहे, गावातल्या ज्या माणसाला पीएच म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नाही तो पण वर्षातून एकदा त्या मैदानात येतो.

चुनखडीचे खड्डे

सरकारी ग्रँट, तरुण व्हॉलंटियर (कोळसा पट्ट्यातल्या अशा छोट्या संस्थांना केंद्राच्या योजनेतून वर्षवर्षभरासाठी पोरं मिळायची) आणि जमीनमालकांची परवानगी या तीन गोष्टी जमल्या की एक साइट उभी राहायची. सोव्हर्न रन, ग्रीन्स रन, बीव्हर क्रीक, असे एकेक छोटे ओढे. पद्धत दिसायला साधी, अ‍ॅसिड पाणी चुनखडीच्या दगडांवरून न्यायचं, चुना विरघळतो, अ‍ॅसिड मरतं. उतार तीव्र असेल तर दगडांनी भरलेली उघडी चारी, जागा असेल तर दगडांचा तळासारखा बेड, मग गाळ खाली बसायला तळं. वीज नाही, पंप नाही.

यातली एक साइट मी जवळून बघितली. डोंगराच्या कुशीतून मनगटाएवढी धार येत होती, पाणी काचेसारखं स्वच्छ, बघून वाटेल प्यावं. तीच गंमत आहे, अ‍ॅसिड जास्त असेल तर धातू विरघळलेले राहतात आणि पाणी नितळ दिसतं, चुनखडीवरून गेल्यावर, म्हणजे सुधारायला लागल्यावर, ते घाण दिसायला लागतं. चारीत दगडांवर आधी पांढरट साय, ते अ‍ॅल्युमिनियम, आणि पुढे नारिंगी. मी एक दगड उचलून नखानं खरवडला तर वरचा थर निघाला आणि आत करडा चुनखडक तसाच्या तसा. याला ते लोक दगडाला चिलखत चढलं म्हणतात, लोखंडाचा थर बसला की आतला चुना पाण्याला भेटतच नाही. मग कुणीतरी येऊन दगड उलथेपालथे करायचे, पाइप चोंदला तर व्हॉल्व्ह उघडून फ्लश करायचा, आणि काही वर्षांनी अख्खा बेड काढून नवीन चुनखडक भरायचा. ग्रँट बांधायला मिळते. व्हॉल्व्ह उघडायला कोण येणार त्याची ग्रँट शोधणं म्हणजे जिवावरचं काम. आपल्याकडे बंधाऱ्यातला गाळ काढायला कोण येतं, तोच प्रश्न.

तरी या छोट्या साइट्सनी काम केलं. एकेका ओढ्याचा भार कमी होत गेला, मुख्य नदीचा पीएच सुधारला, चीटमध्ये स्मॉलमाउथ बास नावाचे मासे परत दिसायला लागले. पण मडी क्रीक काही हलेना. तिथलं पाणी इतकं आणि अ‍ॅसिड इतकं की त्याला चुनखडीचे बेड करायचे तर डोंगर आणून ओतावा लागला असता. लोकसहभागाची हद्द इथे संपते आणि हे मोकळेपणी सांगायला हवं, कारण अशा यशोगाथांमध्ये लोकांनी ठरवलं आणि नदी वाचवली असं एका वाक्यात उरकतात. चीटमधल्या अ‍ॅसिडचा सगळ्यात मोठा एकटा स्रोत मडी क्रीक होता आणि तो व्हॉलंटियरांच्या फावड्यानं सुटण्यातला नव्हता.

कोर्ट, परमिट आणि शेवटी प्लँट

टी अँड टीवर राज्य काहीतरी ट्रीटमेंट करतच होतं पण ती पुरेशी नव्हती. दुसरीकडे पर्यावरण संघटनांनी राज्याच्या पर्यावरण खात्यावर केस टाकली की बुडीत कंपन्यांच्या ज्या खाणी तुम्ही ताब्यात घेतल्यात तिथून जे पाणी सोडता त्याला बाकी कुणालाही लागतं तसं परमिट तुम्हालाही लागेल. २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टानं पण तेच सांगितलं. झालं, आता प्रत्येक खाणीच्या तोंडावर पाणी नियमात बसवायचं आलं.

इथे एक विचित्र पेच होता. मडी क्रीकमध्ये राज्यानं आपल्या ताब्यातल्या खाणीचं पाणी अगदी बिसलेरीसारखं केलं असतं तरी शेजारच्या १९७७ आधीच्या बेवारस खाणींचं पाणी तसंच ओढ्यात येत राहणार, त्यांना ना परमिट ना मालक. म्हणजे कागदावर सगळं ओके आणि ओढा मेलेला तो मेलेलाच. मग विचार असा झाला की पाइपागणिक नियम बघायच्याऐवजी ओढा खाली जिथे चीटला मिळतो तिथे पाणी कसं आहे ते बघा, आणि त्याच पैशात बेवारस खाणींचं पाणी पण घ्या. ऐकायला किती साधं वाटतं. हे नियमात बसवायला अनेक वर्षं गेली, आणि त्यात संस्थेकडे १९९४-९५ पासून साठवलेले पाण्याचे नमुने, कुठल्या ओहोळीतून कधी किती आलं याच्या नोंदी, हा खरा दारूगोळा होता. एवढ्या वर्षांची डेटा शीट ज्याच्याकडे आहे त्याला मीटिंगमध्ये कुणी गप्प बस म्हणू शकत नाही.

२०१८ मध्ये टी अँड टीच्या जागी राज्याचा मोठा ट्रीटमेंट प्लँट चालू झाला. टी अँड टीचं पाणी आणि फिकी रनचं खाणपाणी पाइपनं तिथे आणतात, पाण्यात कालवलेला चुना मिसळतात, मोठ्या गोल टाक्यांमध्ये गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी मडी क्रीकमध्ये. बाकी ओहोळ्यांवर चुना टाकणारी मशीन. आणि खालचे ते साडेतीन मैल, जिथे कित्येक दशकं काही जगत नव्हतं, तिथे मासे सापडायला लागले. वरच्या भागातले ट्राउट तिथेच होते ना, एवढी वर्षं फक्त खाली उतरायची सोय नव्हती.

गावाला काय मिळालं

विकास विकास म्हणतात तो कुठाय, असं कुणी विचारलं तर उत्तर जरा अवघड आहे. अल्ब्राइटचं कोळशावरचं वीज केंद्र २०१२ मध्ये बंद झालं, त्यातल्या पगाराएवढा पगार राफ्ट गाइडला मिळत नाही, शिवाय गाइडचं काम सीझनपुरतं. राफ्टिंग १९८० च्या आसपास होतं तसं काही परत आलेलं नाही, तोवर टुरिस्ट गॉली आणि न्यू रिव्हर या दुसऱ्या नद्यांकडे वळले होते. जे मिळालं ते हळू आणि पसरलेलं आहे. २०१४ मध्ये कॅन्यनची ३,८०० एकर जमीन दोन संवर्धन संस्था आणि राज्यानं मिळून घेतली, नदीच्या दोन्ही बाजूंनी सात मैल, आता ती सार्वजनिक आहे, शिकार, मासेमारी, ट्रेकिंग सगळ्याला खुली, आणि याच घळीत एक चपटी गोगलगाय आहे जी जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही. किंगवुडजवळची नदीकाठची बंद पडलेली रेल्वेलाइन संस्थेनं विकत घेतली, तिथे सायकल ट्रेल होतोय. आणि स्वतः ही संस्था म्हणजे आता किंगवुडमध्ये ऑफिस असलेली, कायम पगारी माणसं ठेवणारी जागा आहे, एवढ्या छोट्या गावात तीही नोकरीच की.

पैशाचं म्हणाल तर २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात बेवारस खाणींसाठी पंधरा वर्षांत ११.३ अब्ज डॉलर ठेवले. मजा अशी की त्यातून प्लँट बांधता येत होता पण पुढे तो चालवायचा खर्च बाजूला ठेवायची सोय नव्हती, म्हणजे पुन्हा तीच व्हॉल्व्ह उघडायची गोष्ट, फक्त अब्जांमध्ये. २०२२ च्या डिसेंबरात वेगळा कायदा करून ३० टक्क्यांपर्यंत रक्कम दीर्घकालीन पाणी साफसफाईसाठी राखून ठेवायला परवानगी मिळाली. खाणीतलं पायराइट संपायला पिढ्यान्‌पिढ्या जातील आणि तोवर चुन्याचे ट्रक येत राहावे लागतील. अ‍ॅसिड पाण्यात रेअर अर्थ धातू (इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे महागडे धातू) पण विरघळलेले असतात, ते गाळातून काढून खर्च भागवता येतो का यावर वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीवाले काम करतायत, माउंट स्टॉर्मला त्यांचा पायलट प्लँट आहे. जमलं तर बरंच होईल, पण मी त्यावर घर बांधणार नाही.

सगळं पाणी साफ झालंय असंही नाही, चीटच्या खोऱ्यात नारिंगी ओहोळ्या अजून आहेत. आणि मडी क्रीक सुधारल्यावर एक नवीनच भानगड वर आली. वीज केंद्र बंद पडलं पण त्याला थंड पाणी मिळावं म्हणून नदीत घातलेला बुटका बंधारा अल्ब्राइटला तसाच राहिला. पूर्वी कॅन्यनच्या तोंडाशीच अ‍ॅसिडची भिंत होती त्यामुळे खालचे मासे इथपर्यंत यायचेच नाहीत, बंधाऱ्याचं कुणाला काय. आता ते लेकमधून कॅन्यन चढून, मडी क्रीकचं तोंड ओलांडून वर येतात आणि बंधाऱ्यापाशी अडतात. तो काढायच्या मागे फ्रेंड्स ऑफ द चीट लागलीये, आणि त्यासाठी पुन्हा मीटिंगा, पुन्हा परमिट, पुन्हा नमुन्यांच्या बाटल्या.